देवी पहिल्या पाटावर

बेसबॉल हा खेळ आमच्या गावातून कायमचा का गेला, असं हल्ली मला कुणी विचारत नाही. विचारण्यासारखे होते ते सगळे वर गेले, आणि जे उरलेत त्यांना तो खेळ मुळात गावात आला होता हेच खरं वाटत नाही. माझा नातू तर सरळ सांगतो की आजोबांना क्रिकेट म्हणायचं असतं, वयामुळे भलतंच तोंडात येतं. वय झालं हे कबूल. पण तो बेसबॉलच होता, आणि त्या हंगामात आम्ही ढाल घालवली ती खेळता येत नव्हतं म्हणून नव्हे. ती कशाने गेली हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण शेवटच्या घटकेला पहिल्या पाटासमोर हात जोडून उभा राहिलेला गाढव तो मी.

साल तिसाच्या आसपासचं. आमचं गाव रत्नागिरीच्या समोर, खाडीपलीकडे. तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसलं की पाऊण तासात बंदर. मुंबईला गोदीत आणि गिरण्यांत असलेल्या आमच्या चाकरमान्यांनी एक मंडळ काढून गावात इंग्रजी शाळा सुरू केली होती, आणि त्या शाळेला ड्रिल शिकवायला एक मास्तर ठेवला होता. मास्तर घाटावरचा, पंचविशीतला, उभा राहिला की ताठ, बसला तरी ताठ. तो मद्रासेला जाऊन ड्रिलचा कोर्स करून आला होता. तिथे कुणा अमेरिकन साहेबाने त्याला बेसबॉल शिकवला. येताना त्याने दोन चेंडू, एक नियमांचं पातळसं पुस्तक आणि दिसेल त्याला हा खेळ शिकवायचं वेड, एवढं सामान आणलं.

शाळेतली बहुतेक पोरं बॅटपेक्षा उंचीने कमी भरायची. म्हणून मास्तरने गावातले रिकामे तरुण गोळा केले. मी मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा आपटलो होतो, तेव्हा रिकामपणात माझी बरोबरी करणारं दुसरं कुणी नव्हतं. पण एक सांगतो, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही: चेंडू मला दिसायचा. बाकीचे बॅट फिरवायचे आणि चेंडू मागे पकडणाऱ्याच्या पोटात जायचा. मी फिरवली की चेंडू पोफळीच्या बागेत. मास्तर त्या वेळी नुसता "हं" म्हणायचा आणि त्या एका "हं"साठी मी पहाटे उठून माडाच्या झावळीच्या दांड्याने करवंट्या हवेत मारायचो. आईला वाटलं मॅट्रिकचा परिणाम डोक्यावर झाला.

मास्तरच्या नोकरीचं असं होतं की ती एका वर्षापुरती होती. मुंबईच्या मंडळाला ड्रिल ही चैन वाटत होती. त्यातच रत्नागिरीतल्या एका हौशी वकिलांनी बेसबॉलसाठी एक ढाल ठेवली. मंडळाने पत्र धाडलं की ती ढाल शाळेत आली तर मास्तरची जागा कायम, न आली तर जूनपासून जागाच बंद. आणि मास्तरची बायको होती सांगलीकडे माहेरी, तीन वर्षांची मुलगी घेऊन. सासऱ्याने बजावलं होतं की नोकरी कायम झाल्याशिवाय लेकीला घाट उतरू देणार नाही. म्हणजे ढाल आली तर त्या दोघी येणार होत्या, इतका सरळ मामला होता. हे साऱ्या गावाला माहीत होतं, कारण मास्तर ते साऱ्या गावाला सांगायचा.

त्याने समुद्राकडच्या अंगाला एक खोली घेतली होती. चूल मांडली होती, अंगणात तुळस लावली होती, आणि सुताराकडून फणसाच्या लाकडाचे चार पाट करून घेतले होते. एक स्वतःला, एक बायकोला, एक आल्यागेल्याला, आणि चौथा अगदी छोटा, चारी कोपऱ्यांत पितळेची फुलं ठोकलेला, मुलीला. तो छोटा पाट तो येईल त्याला काढून दाखवायचा. आम्ही पाहून "छान" म्हणायचो. पुढच्या खेपेला तो पुन्हा दाखवायचा, आम्ही पुन्हा "छान" म्हणायचो.

खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार जागा असतात. चेंडू मारायचा आणि एकेका जागेला पाय लावत पळत चौथीला परत यायचं. तशी एक फेरी झाली की एक गुण. मास्तरने गावाकडे चार सपाट फळ्या मागितल्या, तर गावाने मानाने चार पाट पाठवले, पाहुण्याला बसायला देतात तसे, पुसून. दुसऱ्या दिवशी त्यांवर पाय ठेवायचे असतात हे कळल्यावर चार घरच्या चार बायका येऊन ते पाट काखेत मारून घेऊन गेल्या. ज्यावर माणूस जेवायला बसतो त्यावर पाय देणाऱ्या खेळाबद्दल त्यांनी जाता जाता जे सांगितलं ते मी लिहीत नाही. मास्तरने मग स्वतःचे चार पाट आणून मांडले. मुलीचा छोटा पाट पहिल्या जागेला, कारण पहिल्या जागेवर गडी सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो आपल्या डोळ्यांसमोर राहील, असं त्याचं म्हणणं.

पण पाट तो पाटच. पाय लागला की आमचा गडी वाकून त्याला हात लावायचा आणि हात कपाळाला न्यायचा, मगच पुढे पळायचा. मास्तर केस उपटायचा. "अरे, नमस्कार खेळ संपल्यावर करा की!" पण अंगवळणी पडलेलं जातं कुठे? तेव्हा त्याने आम्हांला पळता पळता नमस्कार करायला शिकवलं, आणि आमच्याइतका चपळ नमस्कार त्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला येत नसेल.

खरी अडचण पुढे आली. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी मास्तरने शाळेच्या भिंतीवर यादी लावली, कोण कितवा बॅट घेणार याची. पहिलं नाव माझं. तासाभरात वरच्या वाडीचे आबा आणि खालच्या वाडीचे तात्या शाळेत हजर. ही दोन घराणी आमच्या गावात देवीची मानकरी. शिमग्यात देवीची पालखी निघते तेव्हा तिला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून दोघांत आजोबांच्या काळापासून कोर्टात दावा चालू होता. दोघे एकमेकांशी बोलत नसत. त्या दिवशी मात्र बरोबर आले, आणि हे लक्षण वाईट होतं.

"मास्तर," आबा म्हणाले, "ह्या गावात पहिला दगड मारायचा झाला तरी तो कुणी मारायचा ह्यें ठरलेला हाय."

"आणि दुसरा बी," तात्या भिंतीकडे बघून म्हणाले.

मास्तर म्हणाला, "अहो, पण हा खेळ आहे! ज्याला मारता येतं तो पुढं."

"मारता कुणाला येतंय ते आमी इचारलंच नाय," आबा म्हणाले.

शेवटी यादी पालखीच्या मानाप्रमाणे झाली. कोर्टाचा तात्पुरता हुकूम असा होता की दावा मिटेपर्यंत पहिला मान एक वर्ष वरच्या वाडीचा, एक वर्ष खालच्या वाडीचा. त्या वर्षी वरच्या वाडीची पाळी होती, म्हणून आबांचा धाकटा भाऊ पहिला, तात्यांचा मुलगा दुसरा, मग दोन्हीकडच्या भावबंदांपैकी एक इकडचा एक तिकडचा असे आठ. नववा मी. आमचं घर तीन पिढ्यांपूर्वी खाडी ओलांडून आलेलं. आमच्याकडे पालखीचा मान म्हणजे मागच्या दांड्याचा डावा खांदा, जिथून देवी दिसत नाही, पुढच्या माणसाची मानगूट तेवढी दिसते. मास्तरने नवी यादी भिंतीवर डकवली. मग मला म्हणाला, "नववा तर नववा. तुझी पाळी येईपर्यंत कुणीतरी टिकू दे म्हणजे झालं."

आश्चर्य म्हणजे आम्ही जिंकत गेलो. पहिली मॅच बंदरावरच्या गोदामवाल्यांशी होती. ते दणकट होते, पण चेंडू मारला की तो किती लांब गेला ते बघत उभे राहायचे. दुसरी कचेरीतल्या कारकुनांशी. त्यांना धोतराचा सोगा खोचल्याशिवाय पळता येत नसे आणि खोचेपर्यंत आमचा चेंडू पाटावर पोचून गडी बाद झालेला असे. मी नवव्या नंबरवरून दोन्ही वेळा चेंडू पोफळीत धाडला. मास्तरने सांगलीला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते त्याने आम्हांला वाचून दाखवलं, आणि मुलीचा पाट परत एकदा दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही या खेपेला "छान" म्हटलं ते मनापासून.

फायनल रत्नागिरी शहराच्या संघाशी, आमच्याच गावात. ढाल ठेवणारे वकीलच पंच होते, नियमांच्या पुस्तकावर त्यांची फार श्रद्धा. त्यांनी दिवस नेमला तो होळी आणि गुढीपाडवा यांच्या मधला. मास्तर घाटावरचा, त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. गावाला मात्र ताबडतोब दिसलं.

कारण पहिल्या मानाचं वर्ष बदलतं केव्हा? तात्यांचं म्हणणं, होळी पेटली की वर्ष फिरलं, आता मान खालच्या वाडीचा. आबांचं म्हणणं, वर्ष फिरतं पाडव्याला, तोवर मान वरच्याच वाडीचा.

"व्हळी पेटल्यावर वरीस फिरत आसंल तर पाडवा कशाला करताव, श्रीखंड खायाला?" आबा विचारायचे. तात्या उत्तर द्यायचे ते भिंतीला, पण खणखणीत. एरवी हा प्रश्न कधी निघत नसे, कारण त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा करण्याजोगं नवीन काही गावात घडतच नसे. बेसबॉलची फायनल ही त्या पंधरवड्यात पडलेली पहिली गोष्ट.

मॅचच्या दिवशी सगळा गाव खाडीकाठच्या मळ्यात जमला. देवीची पालखी शिमग्यासाठी बाहेरच होती. मळ्याच्या कडेला जो चौथरा आहे, ज्याला आम्ही सहाण म्हणतो, तिथे ती बसवलेली. ढोलताशे हजर. रत्नागिरीकरांनी पहिल्यांदा बॅट घेतली आणि एक गुण केला. मग आमची पाळी आली. आबांचा भाऊ आणि तात्यांचा मुलगा दोघेही एकदमच बॅट घ्यायला उठले, तेवढ्यात बांधावरून बेलीफ येताना दिसला.

त्याच्या हातात कोर्टाचा मनाई हुकूम होता. वर्ष केव्हा फिरतं याचा निकाल लागेपर्यंत वरच्या वाडीने किंवा खालच्या वाडीने पहिला मान घेऊ नये, मग तो पालखीचा असो, नारळाचा असो, की बॅटीचा. अर्ज तात्यांचा होता. तो अर्ज लिहून देणारे वकील कोण, तर मैदानात खुर्ची टाकून पंच म्हणून बसलेले तेच. मास्तरने त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "ढाल ही माझी हौस आहे, वकिली हा माझा धंदा आहे. दोन्हींची गल्लत करू नका."

"मग तिसराच कुणीतरी जाऊ दे पहिला," मास्तर म्हणाला. "मी पाठवतो."

यावर आबा आणि तात्या पहिल्यांदाच एका सुरात ओरडले. तिसऱ्याने पहिला मान घेतला तर उद्या तोही दाव्यात उभा राहील! वकिलांनी मान डोलावली. कायद्याने ते बरोबर होतं.

मास्तर मटकन खाली बसला. त्याच्या ताठ पाठीला असा बाक आलेला मी कधी पाहिला नव्हता. मला राहवलं नाही. आणि इथेच मी आयुष्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट केली, जी न करतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "पहिला मान देवीला द्या."

सगळ्यांनी पालखीकडे पाहिलं. मग माना हलल्या. आबांची हलली, तात्यांची हलली, बेलीफाचीसुद्धा हलली. देवीच्या मानाला कोण हरकत घेणार? हुकुमात देवीचं नाव नव्हतं. लोकांनी माझी पाठ थोपटली. मॅट्रिक नापास असून पोरगं हुशार आहे, असं कुणीतरी मोठ्याने म्हटलं आणि मी फुगलो.

गुरवाने देवीपुढचा एक नारळ घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, तोच देवी मानला, आणि नारळ छातीशी धरून, बॅट खांद्याला टेकवून, डोळे मिटून तो बॅटवाल्याच्या जागी उभा राहिला. आधी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय भलता खेळ मांडलाय, त्यात पयला मान तुझा. तो गोड मानून घे. आनि जो काय आडवातिडवा चेंडू येल तो बाहेरच्या बाहेर काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मळा गरजला. बघतो तर रत्नागिरीचे चार खेळाडूही गरजले होते.

त्यांचा चेंडू टाकणारा मोठा नावाजलेला, पण त्याची आई आमच्या गावची. म्हणजे देवी त्याच्या आजोळची. समोर नारळ बघून त्याला एकच धास्ती, चेंडू देवीला लागायला नको. पहिला चेंडू त्याने गुरवापासून हातभर लांब टाकला. दुसरा दोन हात. तिसरा तर ढोलावर जाऊन आपटला. चौथा टाकण्याआधी त्याने चपला नव्हत्या तरी चपला काढल्यासारखं केलं, नमस्कार केला आणि चेंडू खाडीच्या दिशेला सोडला.

मास्तर उडी मारून उठला. "चार बॉल! पुस्तक बघा! चार खराब चेंडू पडले की गडी फुकट पहिल्या जागेवर जातो! देवी पहिल्या पाटावर!"

वकिलांनी पुस्तक पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं, आणि मान हलवली. असा जल्लोष मी पुढे स्वातंत्र्याच्या दिवशी ऐकला, मध्ये कधी नाही. ढोलताशांच्या गजरात गुरव नारळ घेऊन पहिल्या पाटाकडे गेला, त्या पितळी फुलांच्या छोट्या पाटावर त्याने देवीला बसवलं, फुलं वाहिली, उदबत्ती लावली आणि मागे सरला. मास्तर हसत होता. तो हसला की लहान पोरासारखा दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

आता दुसरा कोण? देवीमागून येणारा म्हणजे माणसांतला पहिला, तेव्हा आबा आणि तात्या पुन्हा अडले, आणि दोघांचे भावबंद आपल्या वडीलधाऱ्यांच्या आधी बॅट धरायला तयार होईनात. राहिलो मी. गुरव म्हणाला, "ह्या घराचा दावा कुटंच नाय. ह्याला कोन मोजतंय? जाऊ द्या." कुणीच हरकत घेतली नाही. आमचं घर कुणाच्या मोजणीत नसण्याचा आमच्या घराण्याला झालेला तो पहिला फायदा.

मी उभा राहिलो. चेंडू आला. तो मला इतका स्वच्छ दिसला की त्याची शिवणसुद्धा मी आज सांगू शकेन. मी बॅट फिरवली आणि चेंडू गडी, बांध, माड सगळं ओलांडून खाडीच्या मध्यावर पडला. पाणी उडालेलं सगळ्यांनी पाहिलं. असा टोला पडला की पाटावरचे सगळे गडी आरामात फेरी पुरी करतात. म्हणजे देवीचा एक आणि माझा एक, दोन गुण. आम्ही पुढे. मी नाचत पळालो.

आणि पहिल्या पाटाजवळ येऊन थांबलो. पाटावर देवी बसलेली होती.

एका पाटावर दोन गडी चालत नाहीत, आणि पुढच्याला मागे टाकून गेलं तर मागचा बाद. हा नियम पुस्तकातला. देवीच्या पुढे जायचं नाही, हा आमचा. या एका बाबतीत मद्रासचं पुस्तक आणि आमचा गाव यांचं एकमत होतं. देवीने उठून पुढे निघायला हवं होतं.

मी गुरवाकडे पाहिलं. तो मागे सरकला. "बसवायचा काम माजा. उठवायचा काम मानकऱ्याचा. माज्या बापानं बी कधी देवी उठवली नाय."

आणि उठवायचा मान कुणाचा, हाच तर तीन पिढ्यांचा दावा! आबा एक पाऊल पुढे आले. तात्या एक पाऊल पुढे आले. बेलीफाने कागद वर केला. दोघे एक एक पाऊल मागे गेले.

वकील म्हणाले, "पुढचा गडी चौथ्या पाटावर पोचल्याशिवाय मागच्याचा गुण धरता येणार नाही. किती वेळात पोचायचं याची मुदत पुस्तकात नाही. मी थांबतो." आणि त्यांनी खुर्ची सावलीत सरकवली.

मग मास्तर ओरडायला लागला. तो चौथ्या पाटाशी उभा होता, तिथून पुढे त्याला यायची मुभा नव्हती. "उचल की लेका! नारळ उचल आणि पळ! तू गडी आहेस, तुला कोण अडवतंय? उचल!"

खरंच कुणी अडवलं नसतं. हुकूम वरच्या आणि खालच्या वाडीवर होता, माझ्यावर नव्हता. मला कुणी मोजतच नव्हतं. वाकायचं, नारळ घ्यायचा, तीन पाट पळायचे. मला हे त्या क्षणी अगदी चेंडूइतकं स्वच्छ दिसत होतं. पण मी मान वर केली आणि सगळ्या गावाचे डोळे दिसले. आमच्या घराचा मान मागचा डावा खांदा. तिथून पुढे हात गेला तर उद्या आईला विहिरीवर कोण पाणी भरू देईल, बहिणीचं लग्न कुठे जमेल, असलं सगळं एकदम मनात आलं. पण खरं सांगायचं तर तेही नव्हतं. मी नुसता घाबरलो. मी वाकलो, पाटाला हात लावला, हात कपाळाला नेला आणि हात जोडून उभा राहिलो.

मास्तर अजून थोडा वेळ ओरडत होता. मग त्याने ओरडणं थांबवलं.

ऊन उतरेपर्यंत मी तसा उभा होतो. मधे कुणीतरी मला पाणी आणून दिलं. बायकांनी येऊन देवीची ओटी भरली, रत्नागिरीच्या गड्यांनी रांगेने दर्शन घेतलं. त्यांच्या चेंडू टाकणाऱ्याने नवस बोलला, काय ते कळलं नाही. सूर्य खाडीला टेकला तेव्हा वकिलांनी पुस्तक मिटलं आणि एक विरुद्ध शून्य असा निकाल दिला. देवी बाद झाली असं त्यांनी म्हटलं नाही, तेवढं भान त्यांना होतं. आमची देवी आजही त्या डावात नाबाद आहे. ढाल तरीत बसून रत्नागिरीला गेली.

गावाला हरल्याचं वाईट वाटलं का? मला शंका आहे. मान राखला गेला, देवी पहिल्या पाटावर बसली, एवढंच लोक महिनाभर बोलत होते.

मेच्या शेवटी मास्तर निघाला. त्याची ट्रंक मी तरीपर्यंत पोचवली. तीन पाट त्याने सुंभाने बांधले होते. चौथा, छोटा, देवळात होता. मास्तर तो मागायला गेला होता, पण देवी ज्या आसनावर बसली ते परत संसारात जात नाही, असं गुरवाने सांगितलं. मास्तरने वाद घातला नाही. तरीत चढल्यावर तो माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं असावं, असा त्याचा चेहरा होता.

"केवढा असतो रे नारळ?" त्याने विचारलं.

मी त्याची ट्रंक आत सरकवली. तर सुटली.

पुढे गावाला उशिरा का होईना खंत वाटली, तीही आमच्याच पद्धतीने. गावकीत ठराव झाला की शिमग्यात पालखी मास्तरच्या खोलीपुढे थांबवायची आणि तो छोटा पाट तिथे मांडून त्यावर देवीचा नारळ ठेवायचा. माणूस ठेवता आला नाही, पण मान दिला. तो नारळ उचलायचा कुणी, यावर वरची आणि खालची वाडी लगेच भांडायला उठल्या. तेव्हा गुरव पुन्हा म्हणाला, ज्याचा दावा कुठेच नाही तो उचलेल. आबा गेले, तात्या गेले, पालखीच्या दाव्याचा निकाल लागला तो एक वर्ष तुमचं, एक वर्ष त्यांचं असाच. खोलीचं छप्पर उडालं, जोतं तेवढं राहिलं. त्या पाटावर जी बसायची होती ती आता कुठेतरी आजी झाली असेल.

मी अजून दर वर्षी जातो. गुरव पाटावर नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो आणि माझ्याकडे बघतो. गुडघे धरलेत, वाकायला वेळ लागतो, लोक थांबतात. मी वाकतो आणि नारळ उचलतो. एका हातात मावतो.